आधी पुस्तक ठरवा, भाषा मग ठरेल

‘स्कोप’ बघून परदेशी भाषा निवडणारे खूप भेटतात. पण तुम्हाला ती भाषा बोलायला नाही, वाचायला हवी असेल तर? मग हिशोब सगळाच बदलतो.

जुलै उजाडला की आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. ‘फॉरेन लँग्वेज करायचीय, कुठली घेऊ?’ पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस. जर्मन कर, आयटीत चालते. जपानी कर, पॅकेज चांगलं मिळतं. फ्रेंच घे, स्कोअरिंग आहे. स्पॅनिश घे, अर्ध्या जगात बोलतात. तुला ती भाषा नेमकी कशासाठी हवीय, हे मात्र कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी एका ज्युनिअरने ते आपणहूनच सांगून टाकलं. ‘नोकरीसाठी नको. मला पुस्तकं वाचायचीत.’ ग्रुप एकदम गार. मग कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला, कुणीतरी ‘ट्रान्सलेशन वाच की’ म्हणालं, आणि विषय संपला.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. कारण या बाबतीत माझा स्वतःचा रेकॉर्ड काही फार बरा नाही. एफवायला असताना मी जर्मन लावलं. का? तर वर्गातल्या सहाजणी लावत होत्या म्हणून, आणि बाबांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं की जर्मनला स्कोप आहे म्हणून. दोन वर्षं शनिवार-रविवारच्या सकाळी गेल्या. ए-वन झालं, ए-टू झालं, सर्टिफिकेट लॅमिनेट होऊन फायलीत बसलं. मग एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात काफ्काचं ‘मेटामॉर्फोसिस’ मूळ जर्मनमध्ये मिळालं. इंग्रजीत वाचलेलं होतंच, त्यामुळे उड्या मारत घरी आणलं. पहिलं वाक्य सोडवायला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या पानावर पुस्तक मिटलं. मला जर्मनमध्ये कॉफी मागता येत होती, स्टेशनवर तिकीट काढता येत होतं, घरात किती माणसं आहेत तेही सांगता येत होतं. साम्सांच्या घरात काय चाललंय, ते मात्र कळत नव्हतं.

यात क्लासची चूक काहीच नव्हती. त्यांनी जे शिकवायचं कबूल केलं होतं ते शिकवलं. मीच चुकीच्या दुकानात शिरून वेगळं सामान मागत होते.

क्लासची भाषा, पुस्तकाची भाषा

हा फरक आधी समजून घ्या. जर्मन माणूस गप्पा मारताना भूतकाळ एका पद्धतीने सांगतो आणि कादंबरी वेगळ्याच पद्धतीने. सुरुवातीच्या लेव्हलला भर असतो बोलण्यातल्या भूतकाळावर. फ्रेंचमध्ये तर हे आणखी टोकाला जातं. तिथे एक भूतकाळ असा आहे, की तो आज बोलण्यात जवळजवळ वापरतच नाहीत, पण पुस्तकांत मात्र पानोपानी भेटतो. गंमत म्हणजे फ्रेंच शिकणाऱ्या प्रत्येकाला ‘छोटा राजकुमार’ वाच म्हणून सांगितलं जातं, मुलांचं पुस्तक आहे, सोपं जाईल म्हणून. ते लिहिलंय त्याच पुस्तकी भूतकाळात! उलट काम्यूची ‘परका’ ही १९४२ सालची कादंबरी, नाव ऐकूनच घाबरायला होतं, ती बरीचशी बोलण्यातल्या भूतकाळात आणि छोट्या वाक्यांत आहे. फ्रेंच वाचायला लागलेल्यांनी तिच्यापासून सुरुवात करायला खरंच हरकत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. न्यूझीलंडमधले भाषा-अभ्यासक पॉल नेशन यांनी इंग्रजी मजकुराचा अभ्यास करून असं दाखवलं, की कादंबरी मदतीशिवाय वाचायची तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं माहीत असावी लागतात. करणं, करणारा, करवणं हे सगळं मिळून एक कूळ. आता तीनशे शब्दांचं पान धरा. ९८ टक्के शब्द येत असतील तर पानावर सहा शब्द अडतात. अंदाजाने पुढे जाता येतं. नव्वद टक्के येत असतील तर तीस अडतात. नव्वद टक्के ऐकायला डिस्टिंक्शन वाटतं, पण तीस वेळा डिक्शनरी उघडून पान वाचायचं म्हणजे वाचन उरत नाही, मजुरी होते. माझं काफ्काबरोबर तेच झालं.

म्हणजे वाचण्यासाठी भाषा शिकणं हे काही ‘थोडंसं शिकणं’ नाही. एका बाजूला सूट मिळते: उच्चार चुकला तरी चालतो, पटकन बोलता आलं नाही तरी कुणी हसत नाही. दुसऱ्या बाजूला शब्दांचा ढीग उपसावा लागतो. इतक्या ढिगामागे लागायचं तर पलीकडे काहीतरी हवंहवंसं असायला लागतं. ‘स्कोप’ त्या कामाला पुरत नाही, निदान मला तरी पुरला नाही.

भाषांतर आहे की!

ग्रुपवरच्या त्या ‘ट्रान्सलेशन वाच की’ला उत्तर द्यायला हवं, कारण प्रश्न रास्त आहे. आपण सगळे भाषांतरांवरच वाढलोय. बाबांच्या पिढीच्या कपाटात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं असायची, गुळगुळीत कागदाची आणि किमतीला अगदी स्वस्त. ब्रेख्तचं ‘थ्री पेनी ऑपेरा’ पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ करून आपल्या मातीत आणलं. भाषांतर नसतं तर यातलं काहीच आपल्यापर्यंत पोचलं नसतं.

पण एक किस्सा बघा. माधव ज्यूलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन. मराठीत गझल रुजवणारे कवी म्हणून तुम्ही त्यांचं नाव ऐकलं असेल. ते फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी फारसी-मराठी कोशही केला, तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. उमर खय्यामच्या रुबाया जगभर गाजल्या त्या एडवर्ड फिट्झजेराल्डच्या १८५९ सालच्या इंग्रजी अवतारामुळे. माधव ज्यूलियनांनी रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या, आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरूनही वेगळ्या आणल्या. ते दुसरं पुस्तक म्हणजे ‘द्राक्षकन्या’. एकाच कवीसाठी एकाच माणसाने दोन पुस्तकं का करावीत? कारण फिट्झजेराल्डने रुबाया जोडल्या, तोडल्या, एकमेकींत मिसळल्या. त्यातून झालं ते सुंदर होतं, पण वेगळं होतं. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला ही दोन पुस्तकं दिसली. एकच भाषा येणाऱ्याला एकच दिसलं असतं, आणि तोच खय्याम वाटला असता.

काफ्काचंही तसंच. ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो तेव्हा त्याचं जे काही झालेलं असतं, त्याला जर्मनमध्ये शब्द आहे ‘उंगेत्सीफर’. घरात नकोशी झालेली, मारून टाकावी वाटणारी किडामुंगी, उंदीर-घुशी असं काहीतरी. नेमका कुठला प्राणी ते त्या शब्दातून कळत नाही. इंग्रजीत कुणी ‘इन्सेक्ट’ करतं, कुणी ‘व्हर्मिन’, कुणी ‘बग’. १९१५ मध्ये पुस्तक निघताना काफ्काने प्रकाशकाला कळवलं होतं, की मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, लांबूनही दाखवू नका. भाषांतरकाराला मात्र काही ना काही काढावंच लागतं.

आता राहिला फोन. पानावर कॅमेरा धरला की भाषांतर हजर, मग दोन वर्षं कोण घालवणार? मी तर म्हणेन, खुशाल धरा. आत काय आहे हे बघायला त्याच्यासारखं साधन नाही, आणि अडलेलं वाक्य सोडवायलाही ते उत्तम. पण ज्या पुस्तकाबद्दल तुम्हाला ‘आत काय आहे’ हे आधीच माहीत आहे आणि तरीही ते परत वाचावंसं वाटतं, तिथे फोनचं काम संपतं. म्हणून निवड करताना मी सांगेन ते एवढंच: भाषांतरात वाचलेली अशी पुस्तकं आठवा, जी संपल्यावर तुम्ही पुन्हा उघडली. ती कुठल्या भाषेतून आली होती ते पहिल्या पानामागे बघा. एकाच भाषेतली तीन निघाली तर तुमचं उत्तर तुमच्याच कपाटात होतं. एकच पुस्तक असेल तर थांबा. एका पुस्तकासाठी भाषा शिकणं रोमँटिक वाटतं, पण ते संपल्यावर पुढे काय?

तुमच्याकडे मराठी आहे

कुठली भाषा किती अवघड, याचा एक तक्ता इंटरनेटवर कायम फिरत असतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांचा तो अंदाज. स्पॅनिश-फ्रेंचला साधारण सहाशे ते साडेसातशे तास, जर्मनला नऊशेच्या आसपास, रशियन आणि फारसीला अकराशे, जपानी-कोरियन-चिनी-अरबीला बावीसशे. हे फक्त वर्गातले तास, घरचा अभ्यास वेगळा. रोज एक तास दिलात तर स्पॅनिशला दोन वर्षं आणि जपानीला सहा. डिग्रीच्या हिशोबात बसवून बघा म्हणजे अंगावर येईल.

पण हा तक्ता इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे. तुमची मराठी आहे, आणि मराठी तुम्हाला काही गोष्टी फुकट देते.

जर्मनची तीन लिंगं घ्या. इंग्रजीवाले त्यावर रडतात, हिंदीवाल्यांकडेही दोनच आहेत. आपण तो, ती, ते घेऊनच मोठे होतो. जर्मनमध्ये ‘मुलगी’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, यावर जगभर विनोद झालेत. ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्या माणसाला त्यात विनोद वाटायचं कारण नाही. कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे पाठ करावं लागतंच, पण ही भानगड मुळात काय आहे, ते समजवावं लागत नाही.

रशियनमध्येही तीन लिंगं आणि सहा विभक्ती. विभक्ती म्हटल्यावर घाबरू नका, शाळेत ‘स, ला, ते’ म्हटलेलं आठवा. भूतकाळात तो वाचत होता आणि ती वाचत होती यांची क्रियापदं वेगळी, आपल्यासारखीच. ‘मी विद्यार्थी’ म्हणताना ‘आहे’ लागत नाही. आणि मग शब्द: द्वेर म्हणजे दार, नेबो म्हणजे आकाश (आपलं नभ), अगोन म्हणजे आग, ब्रात म्हणजे भाऊ. तेहेतीस अक्षरांची लिपी आठवड्यात येते. पुढचं सोपं आहे असं मी म्हणत नाही. रशियन क्रियापदांनी मला अजून रडवलंय.

जपानीचा मामला उलटा. वाक्याची बांधणी जवळजवळ आपली: क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, ‘माझं पुस्तक’ हे त्याच क्रमाने. त्यांच्या कानाच्या तक्त्याचा क्रमही ओळखीचा वाटेल. अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या भारतीय वर्णमालेचा तो ठसा आहे. पण मग येते कांजी. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्याच २१३६ आहेत. बोलायला जपानी शिकणारा कांजी थोडी टाळू शकतो, वाचणारा नाही. अपवाद एक: मुलांच्या मांगामध्ये कांजीशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो. मांगाच वाचायचा असेल तर तुमचा दरवाजा बऱ्यापैकी लवकर उघडतो. मुराकामीसाठी थांबावं लागेल.

आणि आता माझी लाडकी तक्रार. फारसीचं नाव कुणी घेतच नाही! दरवाजा, जमीन, बाजार, शहर, दफ्तर, कारखाना, पेशवा हे सगळं आपण रोज किंवा इतिहासाच्या तासाला बोलतो. ‘हफ्त’ म्हणजे सात, म्हणून आठवड्याचा हप्ता. ‘पा’ म्हणजे पाय, म्हणून पायजमा. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, आडनावांत शोधा. फारसीला लिंगभेद नाही, क्रियापद शेवटी येतं. अडचण लिपीची: ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे शब्द आधी माहीत असला तरच तो वाचता येतो. पण द-फ-त-र अशी अक्षरं दिसली की मराठी माणूस ते न अडखळता ‘दफ्तर’ वाचतो. ही सोय अमेरिकन अधिकाऱ्याला नाही. बदल्यात मिळतात रूमी, सादी, हाफिज आणि इ. स. १०१० च्या सुमारास पुरा झालेला फिरदौसीचा ‘शाहनामा’. भाषा इतकी कमी बदललीय, की हजार वर्षांपूर्वीचं काव्य आजचा वाचक थोड्या टिपांच्या आधाराने वाचू शकतो. शिवाय तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी असाल तर सेतुमाधवराव पगडींनी मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधनं मराठीत आणली, ते काम अजून संपलेलं नाही. गोव्याच्या मुलांसाठी हीच गोष्ट पोर्तुगीजची. पांडुरंग पिसुर्लेकरांनी उघडलेली ती कागदपत्रं आहेतच, वर पेसोआ आणि सारामागो. पोर्तुगीज आली की स्पॅनिशही निम्मी वाचता येते, हा बोनस.

फ्रेंच आणि स्पॅनिशबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांची जाहिरात करायला बाकीचे आहेत. मार्केझ, बोर्हेस आवडत असतील तर स्पॅनिश डोळे मिटून घ्या. शब्द जसा लिहितात तसा वाचतात आणि शिकायचं साहित्य मुबलक आहे.

कोरियन वाचणारी मुलगी

आता हे सगळं गणित बाजूला ठेवायला लावणारी एक गोष्ट. डेबोरा स्मिथ ही इंग्लंडमधली मुलगी. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तिला इंग्रजीखेरीज भाषा येत नव्हती. इंग्रजी साहित्यात डिग्री, भाषांतरकार व्हायची इच्छा. तिने बघितलं की कोरियनमधून इंग्रजीत जवळजवळ काहीच येत नाही. २०१० मध्ये ती कोरियन शिकायला लागली. तक्त्यातली ती बावीसशे तासांवाली! तिने हान कांगची ‘द व्हेजिटेरियन’ इंग्रजीत आणली आणि २०१६ मध्ये त्या पुस्तकाला मॅन बुकर इंटरनॅशनल मिळालं, लेखिका आणि भाषांतरकार दोघींना मिळून. पुढे २०२४ मध्ये हान कांगला नोबेल.

इथवर मोटिव्हेशनल रील झाली. पुढचा भाग रीलमध्ये नसतो. कोरियन जाणणाऱ्यांनी भाषांतर मुळाशी ताडून बघितलं तेव्हा चुका सापडल्या. कोरियनमध्ये ‘बाल’ म्हणजे पाय आणि ‘पाल’ म्हणजे हात, त्यांची अदलाबदल झालेली. मूळची साधी शैली जास्त नटवली, असाही आक्षेप आला. हान कांगने तिची बाजू घेतली. वाद बराच चालला. मला यातून तिला हसावंसं वाटत नाही. चार-पाच वर्षं शिकलेल्या भाषेतून कुणी इतकं वाचतं आणि त्या पुस्तकाला जगापुढे नेतं, आणि तरीही पाय की हात हे चुकतं. दोन्ही एकदम खरं आहे. वाचायला बसाल तेव्हा तुमचंही असंच होणार आहे, फक्त तुमच्या चुका कुणी छापणार नाही.

सुरुवात कुठून?

पुण्या-मुंबईत असाल तर जागा माहीतच असतील: रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्सम्युलर भवन, आलियाँस फ्राँसेझ. पहिल्या दोन लेव्हल क्लासमध्येच करा, व्याकरणाचा सांगाडा तिथे लवकर उभा राहतो. फक्त पहिल्याच दिवशी सरांना सांगा की मला वाचायचंय. ते वेगळं सुचवतात, हा माझा अनुभव. तुमच्या गावात क्लास नसेल तरी वाचकाचं अडत नाही, कारण कॉपीराइट संपलेली मूळ पुस्तकं फुकट पडलेली आहेत. जर्मन-फ्रेंचसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग, जपानीसाठी आओझोरा बुंको, फारसी कवितेसाठी गंजूर, रशियनसाठी विकिस्रोत.

आणि पहिलं पुस्तक असं घ्या, जे भाषांतरात वाचलेलं आहे. गोष्ट माहीत असली की डोकं फक्त भाषेकडे लागतं. कादंबरी नको, अडीच-तीन पानांची गोष्ट घ्या.

मी तसंच केलं. जर्मन सोडल्यावर तीन वर्षांनी रशियन घेतलं, कारण बाबांच्या कपाटातल्या चेखवकडे मी सारखी परत जात होते. पहिली गोष्ट निवडली ‘लठ्ठ आणि बारीक’, १८८३ सालची. दोन बालमित्र स्टेशनवर भेटतात, मिठ्या मारतात, शाळेतल्या आठवणी काढतात. मग बारक्याला कळतं की लठ्ठ्या फार मोठा साहेब झालाय. तो पांढराफटक पडतो आणि त्याची भाषाच बदलते. इंग्रजीत मी ही गोष्ट दोनदा वाचली होती. तिथे ‘यू’ शेवटपर्यंत ‘यू’च राहतो, ‘युअर एक्सलन्सी’ तेवढं वाढतं. रशियनमध्ये मात्र तुमच्या-माझ्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. बारका ‘तू’वरून घसरतो तो थेट खाली. आणि त्याच्या शब्दांच्या शेपटाला एक ‘स्’ चिकटायला लागतो. डिक्शनरीत सापडेना. शेवटी सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘साहेब’ अशा अर्थाच्या शब्दाचं ते उरलेलं टोक आहे, पूर्वी वरच्यांशी बोलताना लावायचे. म्हणजे आपल्याकडच्या ‘व्हय जी’मधला ‘जी’. गोष्टीत तो बारका हसतो, तर त्याच्या हसण्यालाही ‘स्’ लागलेला आहे. अडीच पानांना मला अकरा दिवस लागले. त्या हसण्यापाशी पेन्सिल ठेवून मी थोडा वेळ नुसती बसले होते.

ज्युनिअरला मी नंतर हे सगळं खासगीत लिहून पाठवलं. तिने कोरियन घेतलं. अकरावीत तिने ‘द व्हेजिटेरियन’ तीनदा वाचलं होतं, त्यामुळे विचारायचं काही उरलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. लहान मुलांच्या एका पुस्तकाची सहा पानं झालीत, ‘बाल’ आणि ‘पाल’ नीट बघून वाचतेय.